कार्बनच्या विमानाची लिंक दर वळणाला तुटते? रेडिओ बदलायच्या आधी हे बघा

रिमोटवर उडणारं बिनपायलट विमान सरळ जाताना सगळं झकास, लिंक (जमिनीवरच्या रिमोटशी असलेला रेडिओ संपर्क) फुल्ल, उपग्रह १६-१७ दिसतात, आणि वळण घ्यायला लागलं की फेलसेफ, म्हणजे लिंक तुटली म्हणून विमान स्वतःच्या ठरलेल्या वागण्यावर जातं. सरळ झालं की लिंक परत जागेवर. मधूनच कंपास एररचा मेसेज येतो, कॅमेरा चालू केला की जीपीएस ढेपाळतं. हे असं तुमच्याकडं परत परत होत असेल आणि विमानाची बॉडी कार्बन फायबरची असेल तर हे नीट वाचा, कारण आम्ही यात तीन महिने घालवले, दोन रिसीव्हर बदलले, सिग्नल पाठवणारं एक जास्त पॉवरचं मॉड्यूल घेतलं, आणि दोष शेवटी रेडिओत निघालाच नाही, आम्ही आमच्या हातानं लावलेल्या कापडात निघाला.

थोडं मागचं सांगते. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, फायबरच्या टाक्या, कव्हरं, कूलरच्या बॉड्या असली कामं वडिलांपासून चालू आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कृष्णाकाठची पूररेषा, ओढे, शेतातलं पाणी कुठून कसं शिरतं हे वरून मोजायचं काम डोक्यात बसलं, म्हणून मी आणि माझा आत्तेभाऊ मिळून मॅपिंगचं विमान करायला लागलो, पंख २.१ मीटर, वजन साडेचार किलो. इलेक्ट्रॉनिक्स त्याचं, लेअप, म्हणजे साच्यात कापडाचे थर रेझिननं बसवणं, माझं. पहिलं विमान काचेच्या फायबरचं होतं, वर्षभर उडालं, लिंकची कधी तक्रार नाही. मग वजन कमी करायला दुसरी बॉडी कार्बनची केली, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) ट्विल कापड, दोन थर, व्हॅक्यूम बॅगमध्ये, शेपटीकडं जाणारा दांडा, म्हणजे बूम, बाजारात मिळणारी कार्बनची नळी. बॉडी इतकी सुंदर निघाली की रंग द्यायचं मनच होईना. जुन्या विमानातलं सगळं सामान जसंच्या तसं यात बसवलं आणि तिथून त्रास सुरू झाला.

तासगावच्या बाजूला आत्याच्या द्राक्षबागेशेजारी मोकळं रान आहे, परवानगी आणि नकाशावरचा झोन बघून आम्ही तिथंच उडवतो. पहिल्याच दिवशी चारशे मीटरवर वळताना फेलसेफ आला, विमान आपोआप परत फिरलं म्हणून वाचलं. भाऊ म्हणाला, ताई रिसीव्हर गेला असणार. बदलला. परत तेच. मग केबल, मग कनेक्टर, मग मॉड्यूल, दरवेळी एक-दोन फ्लाइट बऱ्या जायच्या आणि आम्हाला वाटायचं सुटलं. सुटलं नव्हतं, त्या दिवशी वारा वेगळ्या दिशेचा होता म्हणून वळणं वेगळ्या बाजूला पडली होती, एवढंच.

हे आमच्या लक्षात आलं नाही, आणून दिलं पॉलिटेक्निकच्या आमच्या रिटायर झालेल्या सरांनी. त्यांनी लॉग, म्हणजे विमानानं ठेवलेली उड्डाणाची नोंद, मागितला, चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "अगं, लिंक जाते तेव्हा विमानाचं पोट तुमच्याकडं असतं की पाठ?" आम्ही लॉगमधला रोल अँगल (विमान बाजूला किती कललं) आणि आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलचा जोर) शेजारी शेजारी लावून बघितला, आणि खरंच, विमान आमच्याकडं पोट करून कललं की लिंक खाली, पाठ करून कललं की लिंक वर. प्रत्येक फ्लाइटला. तीन महिन्यांचा डेटा डोळ्यासमोर होता, तो असा लावून बघायचं मात्र राहून गेलं होतं.

तर तुमची पहिली टेस्ट हीच, आणि ती उडवायच्या आधी जमिनीवर करा. प्रोपेलर काढा. मोकळ्या मैदानात प्लास्टिकच्या स्टुलावर विमान ठेवा, लोखंडी टेबल नको, जवळ गाडी नको, जाळीचं कंपाउंड नको. ट्रान्समीटर कमी पॉवरवर ठेवून पन्नास पावलांवर एकाला उभं करा. मग विमान थोडं थोडं फिरवत आणि कलवत आरएसएसआय लिहून घ्या, नाक समोर, डावी बाजू, उजवी बाजू, शेपूट, पाठ समोर, पोट समोर. विमान धरणाऱ्यानं पोझिशन लावून झाली की बाजूला व्हायचं, माणसाचं अंग पण सिग्नल खातं. आमच्याकडं पाठ समोर असताना −६१ आणि पोट समोर असताना −९१ आलं (हे डीबीएममध्ये, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात). म्हणजे ३० डीबी, पॉवरमध्ये हजारपट फरक. मोकळ्या हवेत ३० डीबी म्हणजे अंतरात साधारण तीसपट, ज्या बाजूनं लिंक सहा किलोमीटर टिकली असती त्याच बाजूच्या उलट ती दोनशे मीटरवर मरणार. आता यात मॉड्यूलची पॉवर दुप्पट करून काय होतं? ३ डीबी मिळतात. पैसे गेले आमचे तिथं.

मग सरांनी अजून एक करायला लावलं, ते मला फार आवडलं. पाठीवर बॅटरीची हॅच, म्हणजे झाकण, आहे, ती पण कार्बनची, तिच्या कडेनं केसाएवढी फट. सर म्हणाले त्या फटीवर ॲल्युमिनियम फॉइलची टेप मारा, चारी बाजूनी, आणि परत मोजा. −६१ चं थेट −८४ झालं! म्हणजे इतके दिवस जो काय सिग्नल आत पोचत होता तो बॉडीतून नव्हताच, त्या फटीतून झिरपत होता. आमची लिंक ८६६ मेगाहर्ट्झवर चालते, आपल्याकडचा ८६५ ते ८६८ चा बिनपरवाना पट्टा, तिथं लहरीची लांबी साधारण ३४.६ सेंटीमीटर, तिच्या निम्मं म्हणजे १७. आमची फट एका बाजूला ३० सेंटीमीटर लांब, म्हणजे ती फट स्वतःच अँटेनासारखी काम करत होती, आणि ती फक्त पाठीवर असल्यामुळं पोटाकडून आलेलं काही आत जातच नव्हतं.

आता हे का होतं ते जरा सविस्तर लिहिते, कारण हे कळलं की बाकीचे निम्मे प्रॉब्लेम आपोआप उलगडतात. आपण कार्बन फायबर म्हणजे भारी प्लास्टिक असं मनात धरून चालतो. रेझिन प्लास्टिकच आहे, पण आतला धागा वीज वाहून नेतो. तांबं त्याच्यापेक्षा साधारण हजारपट चांगलं नेतं, त्यामुळं वायर म्हणून कार्बन भिकार, पण रेडिओ लहर अडवायला वायरीएवढं चांगलं असायची गरजच नसते. लहर पृष्ठभागातून जितकी खोल शिरते त्याला स्किन डेप्थ म्हणतात, दर एवढ्या खोलीला सिग्नल जवळजवळ ९ डीबीनं पडतो. विणलेल्या कार्बनच्या थरासाठी ८६६ मेगाहर्ट्झला ती ०.१७ मिलिमीटरच्या आसपास येते, २.४ गिगाहर्ट्झला ०.१ मिलिमीटर. आमचे दोन थर मिळून ०.४५ मिलिमीटर. म्हणजे पत्र्यासारखी पातळ, हाताला लवणारी बॉडी, आणि तिच्यात जे शिरतं त्यातलं वीसेक डीबी आतच जिरतं, शिवाय त्याच्या आधीच बहुतेक सिग्नल पृष्ठभागावरून उलटा फिरलेला असतो. रेडिओच्या दृष्टीनं आम्ही रिसीव्हर स्टीलच्या डब्यात घालून वर झाकण लावलं होतं. काचेच्या फायबरला यातलं काहीच नाही, तो वीज नेत नाही, म्हणून जुन्या विमानात तेच सामान वर्षभर गुपचूप चाललं.

दुसरी गोष्ट दिशेची. धातूचा पत्रा कुठूनही तसाच, कार्बनचं तसं नाही. कडब्याची पेंढी डोळ्यासमोर आणा, पाणी ओतलं तर ते ताटाच्या लांबीनं घळघळ जातं, आडवं जायला त्याला एका ताटावरून दुसऱ्यावर, जिथं ती टेकलीत तिथूनच वाट. विजेचं अगदी तसंच होतं. आम्ही एकाच दिशेच्या धाग्यांच्या दोन पट्ट्या करून मोजलं, २ सेंटीमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड, २० सेंटीमीटर अंतर. धाग्याच्या दिशेनं पाव ओहम, धाग्याला आडवं मोजलं तर आकडा शेकड्यात. म्हणून नळीसारखा बूम, ज्यात बरेचसे धागे लांबीनं असतात, तो रेडिओला द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारांसारखा दिसतो, तारांना समांतर असलेलं विद्युत क्षेत्र अडतं आणि परावर्तित होतं, काटकोनातलं बऱ्यापैकी निसटतं. अँटेनाची वायर बूमला चिकटवून लांबीनं टेपनं बांधणे, जे निम्मे लोक करतात आणि आम्ही पण एका रिसीव्हरला केलं होतं, ते त्यामुळंच सगळ्यात वाईट, बूममध्ये उलटा प्रवाह तयार होतो आणि अँटेनाचं काम खाऊन टाकतो.

हे मोजताना एक फसगत होते ती सांगून ठेवते. मल्टिमीटरची टोकं कार्बनवर टेकवली आणि मीटरनं ओपन दाखवलं म्हणून भाऊ म्हणाला हे वीज नेतच नाही, हे कार्बन नकली आहे. नकली नव्हतं, वरती रेझिनची पातळ साय असते. दोन्ही टोकाला २२० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा, आधी चकचकीत थर जातो, मग पांढरट भुकटी येते, मग भुकटी काळी यायला लागते आणि बोटाला काळं लागतं, तिथं धागा उघडा पडला. तिथं तांब्याची टेप घट्ट दाबून मोजा. नीट आकडा पाहिजे तर टोकातून १ अँपिअर सोडा आणि मधल्या दोन बिंदूंवर मिलिव्होल्ट बघा, म्हणजे जोडाचा रेझिस्टन्स त्यात येत नाही. धूळ मात्र ओल्या फडक्यानं लगेच पुसा, का ते खाली येतंय.

उपाय काय केला. मी आधी पाठीवर खिडकी कापून तिथं काचेचं फायबर लावणार होते, पण सर म्हणाले की पाठीवर खिडकी केली तर पोटाकडून परत तेच. बरोबर होतं त्यांचं. म्हणून अँटेनाच बॉडीबाहेर काढली. शेपटीचा उभा फिन नवीन केला, आत फोम, वरून काचेच्या कापडाचे दोन थर, उंची २४ सेंटीमीटर, आणि त्याच्या आत उभा डायपोल, म्हणजे दोन हातांची साधी अँटेना, दोन्ही हात मिळून १७ सेंटीमीटर, खालचं टोक बूमपासून जितकं लांब ठेवता आलं तितकं. डायपोल उभा, बूम आडवा, दोघं काटकोनात, त्यामुळं बूमचे लांबीचे धागे त्याला फारसे आडवे येत नाहीत, आणि केबल पण डायपोलच्या मध्यातून आडवी बाहेर काढून मग खाली वळवली. फिनला काळं पिगमेंट घातलं नाही, कारण काळ्या पिगमेंटमध्ये बऱ्याचदा कार्बनच असतं, आणि चंदेरी मेटॅलिक रंग पण दिला नाही, त्यात ॲल्युमिनियमची पूड असते. साधा पांढरा रंग, पातळ. परत स्टूल, परत मैदान. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट बाजू यातला फरक ३० डीबीवरून ८ वर आला. त्यानंतर वळणाला फेलसेफ एकदाही नाही.

जीपीएसची गोष्ट वेगळी, पण मूळ तेच. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा −१३० डीबीएमच्या आसपास असतो, इतका बारीक की त्याला कुणी वाटेत यायचंच नाही. आमचं मॉड्यूल कार्बनच्या हॅचखाली होतं, जे काय मिळायचं ते फटीतून. वर कॅमेऱ्याची केबल त्याच डब्यात, तिचा नॉइज बाहेर पडायला वाट नाही म्हणून आतल्या आत घुमायचा, म्हणून कॅमेरा चालू केला की उपग्रह १७ वरून ८. पूर्ण हॅच काचेच्या फायबरची केली, जीपीएस तिच्या लगेच खाली, आणि त्याच्या खाली तांब्याच्या पत्र्याचा ताटलीएवढा तुकडा, म्हणजे आकाशाकडून येणारं बघायचं आणि खालून येणारं अडवायचं. कॅमेऱ्याची केबल आखूड केली आणि तिच्यावर नॉइज दाबणारं फेराइट अडकवलं.

आता कंपास, आणि इथं मला जरा जोर देऊन सांगायचंय, कारण सगळेच सांगतात की कार्बन कंपासला अडवतो. नाही अडवत. वर जी स्किन डेप्थ सांगितली ती फ्रिक्वेन्सी कमी झाली की वाढते, ५० हर्ट्झला कार्बनसाठी ती अर्ध्या मीटरच्या वर जाते, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तर स्थिरच आहे, ते पातळ कार्बनमधून आरपार जातं, कार्बन काही लोखंड नाही. लिंक आणि कंपास हे दोन वेगळे आजार होते, एकाच विमानात एकाच वेळी आले म्हणून आम्ही दोघांना एकच औषध शोधत बसलो, आणि यातच सगळ्यात जास्त दिवस गेले.

आमच्याकडं कंपासचा खरा दोषी हॅचचे लोहचुंबक. हॅच पटकन निघावी म्हणून कोपऱ्यात चार निओडिमियमचे चुंबक बसवलेले, आणि कॅलिब्रेशन करताना यूएसबीची वायर आत लावायची म्हणून हॅच काढून बाजूला ठेवायची. कॅलिब्रेशन हॅचशिवाय, उड्डाण हॅचसकट. दरवेळी न चुकता. चुंबक काढून नायलॉनचे स्क्रू लावले, कंपासजवळचे दोन स्टीलचे स्क्रू पण बदलले, आणि कॅलिब्रेशन आता हॅच लावून, वायरीऐवजी रेडिओनं, म्हणजे टेलिमेट्रीवरूनच करतो.

त्यानंतर राहिला तो फुल थ्रॉटलला (मोटर पूर्ण जोरात असताना) येणारा कंपासचा एरर, आणि तो बॅटरीच्या वायरीचा. साधा हिशोब आहे, एका वायरीतून ३० अँपिअर जात असतील तर ६ सेंटीमीटरवर १०० मायक्रोटेस्ला, आणि आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र सगळं मिळून ४० च्या आसपास. परतीची वायर शेजारी असेल तर बरंचसं एकमेकाला खातं, पण आमच्या लाल आणि काळ्या वायरी बॅटरीच्या दोन बाजूनी वेगवेगळ्या गेल्या होत्या, जागा मिळाली तशा. तपासायला प्रोपेलर फिरवायची गरज नाही, ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) टोकाला वायर काढून तिथं गाडीचे दोन ५५ वॅटचे हॅलोजन पॅरललमध्ये जोडा, दहाएक अँपिअर ओढतात, दिवे विमानापासून लांब ठेवा, त्यांची वायर पण पिळलेली घ्या, आणि दिवे लावून-बंद करून स्क्रीनवर हेडिंग बघा. आमचं १४ अंश हलायचं. लाल-काळी एकत्र पिळून एका बाजूनं नेली, कंपास पंखाच्या मुळाकडं सरकवला, मग १ अंशाच्या आत.

कधी कधी बोर्ड मधेच रीसेट होतो, लॉग अर्धवट राहतो, असं होत असेल तर धुळीकडं बघा. कार्बन ड्रिल केलं की जी काळी भुकटी उडते ती वीज नेते, कनेक्टरमध्ये, बोर्डवर बसली की बारीक शॉर्ट. ड्रिल करताना सामान बाहेर, व्हॅक्यूमचा पाइप शेजारी, तोंडाला चांगला मास्क. आणि भोकाची कड करवतीसारखी असते, वायरीचं इन्सुलेशन हळूहळू कापते, तिथं रबरी ग्रोमेट घाला किंवा कडेला रेझिन लावून घ्या. लिपो बॅटरीची लाल वायर अशी कापली आणि काळ्याचं कार्बनला कुठं टेकलं असेल तर धूरच.

हेच सगळं मोठ्या विमानात पण आहे, फक्त आकडे अंगावर येतात. ॲल्युमिनियमच्या विमानात बॉडीच अर्थिंग, बॉडीच परतीची वायर, बॉडीच विजेपासून ढाल, हे सगळं फुकट मिळायचं. बोइंग ७८७ वजनानं निम्मं काँपोझिट (धागा आणि रेझिन, बहुतेक कार्बनच), एअरबस ए३५० त्याहून थोडं जास्त, तिथं हे फुकटचं गेलं, म्हणून दोन्हीत विजेच्या परतीच्या वाटेसाठी धातूचं वेगळं जाळं आत फिरवावं लागलं. आकाशातल्या विजेसाठी प्रमाणित चाचणीत २ लाख अँपिअरचा झटका धरतात, तेवढा नुसत्या कार्बनमधून गेला तर रेझिन जळतं, थर सुटतात, म्हणून बाहेरच्या थरात तांब्याची बारीक जाळी दाबून बसवतात. आणि रडारसमोरचं नाक कार्बनचं कधीच नसतं, ते काच किंवा क्वार्ट्झसारख्या धाग्याचं, आमच्या फिनचंच मोठं भावंड म्हणा.

एक शेवटचं, पावसाळ्यात आमच्याकडं हवा दमट असते त्यामुळं हे लवकर दिसतं. मोटर माउंटचं ॲल्युमिनियम थेट कार्बनवर बसवलं होतं, जुलैअखेर कडेला पांढरी भुकटी. कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. मधे काचेच्या कापडाचा एक थर लावा, स्क्रू टायटॅनियमचे मिळाले तर ते, नाहीतर स्टेनलेसचे सीलंट लावून.

आता आमच्याकडं कुठलाही पार्ट बदलला, अगदी रंग मारला तरी स्टुलाची टेस्ट परत होते. सहा बाजूंचे आकडे आणि तारीख हॅचच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवतो, काच पांढरी असल्यामुळं नीट वाचता येतं.